बद्द आवाज

भट्टीचं दार आदल्या दिवशी बोटभर उघडून ठेवलं होतं, तरी सकाळी आत चांगली ऊब होती. थोरल्या मुलाने बाहीला तोंड पुसलं, दार पूर्ण मागे ढकललं आणि गाडा रुळावरून ओढत बाहेर आणला. गाड्यावर पांढरीशुभ्र बेसिनं ओळीने बसली होती, अजून कोमट होती.

“दिसायला झकास आहेत,” खुर्चीत बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या. “दिसायला मीसुद्धा झकास होते. वाजवून बघा.”

एरवी या बोलण्यावर कोणीतरी हसलं असतं. आज नाही. थोरल्याची बायको, घरातली थोरली सून, फडकं झटकत उभी होती आणि तिचं सगळं लक्ष फाटकाकडे होतं. इस्पितळाचा साहेब कुठल्याही क्षणी येणार होता.

शेड म्हणायला एकच, पण मधोमध जमिनीवर चुन्याची रेघ होती. अलीकडे भट्टी, साचे, वाळत घातलेली कच्ची भांडी. पलीकडे धाकट्या दिराच्या दुकानाचा माल, फ्रिज आणि वॉशिंग मशीनची खोकी छतापर्यंत रचलेली. मामंजींच्या वडलांनी मरताना शेड मुलाला आणि मुलीला, म्हणजे मामंजींना आणि आत्याबाईंना, अर्धी अर्धी दिली होती. मामंजींच्या अर्ध्यात भट्टी पेटायची, आत्याबाईंच्या अर्ध्यातही भट्टीचाच पसारा असायचा. गेल्या काही वर्षांत तिथे खोकी आली. मग खोकी रेघ ओलांडून अलीकडे सरकली आणि कोणी काही बोललं नाही. परवा जेवताना आत्याबाईंनीच विषय काढला. इस्पितळाने माल घेतला तर भट्टी राहू दे, नाही घेतला तर सगळी शेड गोदामाला द्यायची, दोन्ही भावांनी दुकान बघायचं. मामंजी ताटातून मान वर न करता “बरं” म्हणाले होते.

आणि इस्पितळाने माल घेईपर्यंत धाकधूक होतीच, कारण गावभर झालं होतं ते शिवणकामवालीचं प्रकरण. बाजारामागे राहणारी ती बाई बेसिनवर कोपर टेकून केस धुवत होती, बेसिन मधोमध दुभंगलं आणि उजव्या हाताचा तळवा चिरला. जखम भरली, पण बोटं कात्रीवर मिटेनात. बेसिन याच भट्टीतलं होतं. “प्लंबरने बोल्ट जास्त आवळला,” मामंजी म्हणाले होते. “माझ्या हाताखालून गेलेलं भांडं आहे ते.” त्यांनी म्हटल्यावर विषय संपला. प्लंबरला त्यानंतर कोणी कामाला बोलावेना.

आजोबांच्या वेळेपासूनची पद्धत होती. वाजवल्याशिवाय एक भांडं भट्टीबाहेर जायचं नाही. लाकडी हातोडीने काठावर हलकेच टोला द्यायचा. खणखणीत वाजलं तर “माल” म्हणायचं. बद्द वाजलं तर आत कुठेतरी केसाएवढा तडा आहे, झिलईखाली डोळ्याला दिसत नाही, मग “फोड” म्हणायचं आणि ते तिथल्या तिथे फोडायचं. आजोबांनंतर हातोडी मामंजींकडे आली. समोर उभं राहून टोल्याआधी भांडं पुसायचं काम थोरल्या सुनेकडे.

घरात एवढंच माहीत होतं की मामंजींना हल्ली थोडं कमी ऐकू येतं. थोरलीला त्याहून जास्त माहीत होतं. मोठ्याने बोललेलं, समोर तोंड करून बोललेलं त्यांना कळायचं. पण खणखणीत आणि बद्द यातला फरक त्यांच्या कानातून गेला होता. काही वर्षांपूर्वी त्यांनी एक उघड उघड बद्द वाजलेलं भांडं “माल” म्हणून पुढे सरकवलं तेव्हा तिने फडकं त्याच्यावरून उचललंच नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पुन्हा टोला दिला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, “फोड.” त्या दिवसापासून ठरून गेलं. भांडं चांगलं असेल तर तिने फडकं खांद्यावर टाकायचं, तडा असेल तर हातातच ठेवायचं. टोला दिला की मामंजी नजर वर करायचे. या गोष्टीवर दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते.

फक्त तिची आई पडली तेव्हा ती माहेरी गेली होती आणि त्या खेपेला भट्टी तिच्यामागे उघडली होती. शिवणकामवालीचं बेसिन त्या खेपेचं होतं. हे गणित तिने मनात कितीदा मांडलं आणि तितक्यांदा पुसून टाकलं.

साहेब आला. बारीक अंगाचा, कायम घाईत असल्यासारखा माणूस. त्याने गाड्याभोवती एक फेरी मारली आणि खिशातून पेन्सिल काढली.

“मी स्पष्टच बोलतो,” तो म्हणाला. “तुमचं नाव चांगलं होतं, म्हणून आलो. मध्ये एक गोष्ट कानावर आली. उद्या आमच्याकडे एखाद्या पेशंटच्या अंगावर बेसिन पडलं तर नोकरी माझी जाईल. सगळी माझ्यासमोर वाजवा.”

“वाजवू की,” मामंजी शेडभर घुमेल असं म्हणाले. आताशा ते असंच बोलायचे. “ये गं, पूस.”

थोरली पुढे झाली, तेवढ्यात आत्याबाईंनी तिचा दंड धरला.

“तू कुठे? माणूस दारात आलाय, त्याला चहा नको? पुसायला काय अक्कल लागते? हा पुसेल.” आणि त्यांनी तिच्या हातातलं फडकं ओढून धाकट्याकडे फेकलं. “दिवसभर दुकानात फ्रिजच तर पुसतोस.”

“आत्याबाई, चहा मी नंतर…”

“नंतर काय, तो गेल्यावर?”

धाकट्याने फडकं झेललं, हॉटेलातल्या पोऱ्यासारखं खांद्यावर टाकलं आणि हसून म्हणाला, “जा वहिनी. आज तुमची नोकरी गेली समजा.”

तिने मामंजींकडे पाहिलं. ते हातोडीचा दांडा घासत होते. त्यांनी वर पाहिलं असतं तर तिने काहीतरी केलं असतं, काय ते तिलाही ठाऊक नव्हतं. पण त्यांनी पाहिलं नाही.

शेडच्या मागच्या भिंतीला लागून चहापाण्याची खोली होती. तिने पातेलं चढवलं आणि कान भिंतीला लावला. खोलीतला जुना फ्रिज, कोणा गिऱ्हाइकाने बदलून घेतला म्हणून धाकट्याने इथे आणून टाकलेला, नेमका तेव्हा घरघरायला लागला. त्याच्या घरघरीत बाहेरचं काही कळेना. तिने हात घालून त्याची पिनच उपटली.

खण्ण. “माल.”

खण्ण. “माल.”

तिने श्वास सोडला. थोरल्याने या खेपेला जीव तोडून भाजलं होतं, एखाद वेळेस सगळीच चांगली निघतील. तिने साखर टाकली, की टाकायची राहिली, नंतर तिला आठवेना.

बद्द.

तिचा चमचा हातातच राहिला. आता फुटल्याचा आवाज यायला हवा होता. धाकटा याच शेडमध्ये लहानाचा मोठा झालेला, नवराही तिथे उभा, दोघांपैकी कोणीतरी बोलेल. तिने वाट पाहिली.

“माल,” मामंजींचा आवाज आला. आणि पुढचा टोला.

चहा गाळताना अर्धा बशीत सांडला. ती ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा पहिली ओळ संपली होती. प्रत्येक बेसिनच्या काठावर साहेबाची पेन्सिलची खूण होती, मधल्या त्या बेसिनवरही; वाजण्यातलं त्याला कळत नव्हतं, “माल” ऐकलं की तो खूण करायचा. साहेब खुशीत होता.

“एकही फुटकं नाही,” तो म्हणाला. “कमाल आहे.”

“चहा घ्या,” ती म्हणाली आणि कप देऊन थेट भट्टीपाशी नवऱ्याकडे गेली.

“अहो, तुम्ही ऐकलंत ना?”

“काय?”

“काय काय करताय. मधलं. बद्द वाजलं ते.”

थोरल्याने कप तोंडाला लावला आणि लावूनच ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “गप्प बस. बाबांनी जाणून सोडलंय.”

“जाणून?”

“मग दुसरं काय? त्यांचा कान चुकणार आहे का? माझ्यासाठी सोडलंय त्यांनी. भट्टी गेली तर मी काय करू, वॉशिंग मशीनचं बटण दाबून दाखवू लोकांना?” तो थांबला. “मला बरं वाटतंय असं समजू नकोस. पण त्यांनीच केलंय म्हटल्यावर मी कोणत्या तोंडाने बोलू?”

ती तशीच आत्याबाईंकडे वळली. त्यांनी चहाचा एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

“साखर कुठाय यात? असो. ऐकलंस ना? मीही त्याच बापाची मुलगी आहे, मलाही कान आहेत. सत्तरी ओलांडल्यावर का होईना, माझ्या भावाला व्यवहार कळला. आधी कळता तर मला इथे खोकी ठेवायची वेळ आली नसती.” पण हे बोलताना त्यांची नजर भावावर नव्हती. कपातच होती.

धाकटा एका खोक्याला टेकून उभा होता. चहा त्याने घेतला नाही.

“भाऊजी…”

“वहिनी, मी या माणसाशी आयुष्यभर भांडलो,” तो म्हणाला. “का, तर फार ताठ. दुकान काढलं तेव्हा म्हणाले, दुसऱ्याने केलेला माल विकतोस, त्यात तुझं काय? तेव्हा लागलं होतं, पण मनात म्हटलं, खरं बोलतोय म्हातारा. आणि आज माझ्या देखत…” त्याने फडक्याने कपाळ पुसलं आणि ते परत खांद्यावर टाकलं. “भट्टी बंद व्हावी असं मला वाटत होतंच. खोटं कशाला बोलू. पण अशी चालू राहावी असं नव्हतं वाटत.”

थोरलीने इतकी वर्षं मामंजींचा कान झाकून ठेवला होता, त्यांची लाज राहावी म्हणून. आणि तो इतका चांगला झाकला गेला होता, की आज त्यांना बहिरं म्हणण्यापेक्षा लबाड म्हणणं घरच्यांना सोपं गेलं. तिघांनीही ऐकलं होतं आणि तिघेही त्यांच्याच मायेपोटी गप्प बसले होते. आता बोलायचं म्हणजे सगळंच बोलायला लागणार. फडक्याचं सांगितलं की माहेरचं आलं, माहेरचं आलं की शिवणकामवालीचा हात आला. न बोलावं तर हे बेसिन कुठल्यातरी आजारी माणसासमोर भिंतीला लागणार.

“चला, दुसरी ओळ,” मामंजी ओरडले.

ती ट्रे घेऊन तिथेच उभी राहिली, त्यांच्या पाठीमागे. धाकट्याने पहिलं बेसिन पुसलं, फडकं खांद्यावर टाकलं. खण्ण. मामंजींनी नजर वर केली, फडक्यावर क्षणभर ठेवली आणि म्हणाले, “माल.” दुसरं. खण्ण. नजर. “माल.” बघणाऱ्याला काही कळलं नसतं. तिला मात्र ती नजर वर जाताना दिसायची आणि दर वेळी वाटायचं, आता तरी यांना समजेल की समोर मी नाही. पण सवय अशी मुरली होती की ते माणूस बघतच नव्हते. खांदा बघत होते.

तिसऱ्याला टोला बसला. बद्द.

धाकट्याने मान खाली घातली. थोरल्याने भट्टीच्या दाराशी उगाच काहीतरी खटपट सुरू केली. मामंजींनी वर पाहिलं. फडकं खांद्यावर होतं.

“माल.”

साहेबाची पेन्सिल पुढे झाली. थोरलीने ट्रे शेजारच्या खोक्यावर ठेवला, गाड्याला वळसा घालून समोर आली, दिराच्या खांद्यावरचं फडकं उचललं आणि त्या बेसिनवर ठेवलं. हात वरच राहू दिला.

“काय झालं?” साहेब म्हणाला.

मामंजी तिच्या हाताकडे बघत होते. मग तिच्या तोंडाकडे. मग मागे वळून पहिल्या ओळीकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वाटेत हात सुटलेलं लेकरू जसं बघतं, तसं काहीतरी होतं.

“इतका वेळ कुठे होतीस?” ते म्हणाले.

“चहा करत होते.”

“कोण पुसत होतं मग?”

“भाऊजी.”

“पण फडकं तर खांद्यावर होतं.”

“त्यांना माहीत नाही, मामंजी. ते आपले सहज टाकत होते.”

धाकट्याचा हात आपोआप मोकळ्या खांद्यावर गेला. आत्याबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या.

“दादा,” त्या म्हणाल्या, “तुला ऐकू येत नाही?”

मामंजींची त्यांच्याकडे पाठ होती. त्यांना तेही ऐकू गेलं नाही. त्यांनी हातोडी गाड्यावर ठेवली आणि साहेबाकडे वळून नेहमीच्याच मोठ्या आवाजात म्हणाले, “मी वाजवतो, ही ऐकते. बऱ्याच वर्षांपासून असंच आहे. आज ही समोर नव्हती. तुम्ही केलेल्या खुणा खऱ्या धरू नका.”

साहेबाने पेन्सिल कानामागे खोचली. “मला काय, वाजवणारं कोणीही चालेल हो,” तो म्हणाला. “पण ऐकणारं माणूस जागेवर नको का?”

“काय म्हणाला?” मामंजींनी सुनेला विचारलं.

“सगळी पुन्हा वाजवा म्हणतात.”

“हे तो म्हणाला, की तू म्हणतेस?”

“मी म्हणते.”

“मग ठीक आहे,” मामंजी म्हणाले. पण हातोडी त्यांनी उचलली नाही. त्यांनी गाड्याचा काठ धरला आणि बोलले ते इतकं हळू, की ते इतकं हळू बोलू शकतात हे सगळेच विसरून गेले होते. “तुझी आई पडली होती तेव्हा तू माहेरी होतीस.”

“हो.”

“तेव्हाही भट्टी उघडली होती आपण.”

ते तिचे ओठ बघत होते.

“त्या शिवणकामवालीचं बेसिन. त्याच खेपेचं?”

सांगता आलं असतं की कुणास ठाऊक. इतक्या खेपा होतात, कोण लक्षात ठेवतं. तिने फडकं हातात घट्ट धरलं, त्यांच्याकडे नीट तोंड केलं आणि शब्द तोडून म्हणाली, “हो, मामंजी. त्याच खेपेचं.”

“आणि तुला माहीत होतं?” हे नवऱ्याने विचारलं, भट्टीपासून.

“संशय होता.”

“घरात कोणाला सांगितलं नाहीस?”

“काय सांगणार होते? तुमच्या बाबांना ऐकू येत नाही, म्हणून एका बाईचा हात गेला? तुम्ही ऐकून घेतलं असतंत? मघाशी तर त्यांना लबाड मानायला तयार झालात.”

धाकट्याने कोपऱ्यातला ओला बोळा उचलला आणि कोणी न सांगता पहिल्या ओळीतल्या पेन्सिलच्या खुणा एक एक करून पुसायला लागला. मधल्या बेसिनपाशी आला तेव्हा त्याने ते उचललं, शेडबाहेर नेलं आणि फुटल्याचा आवाज आला. परत येऊन तो वहिनीशेजारी उभा राहिला.

“चालू करा,” तो म्हणाला, आणि आठवण होऊन बापाच्या समोर जाऊन मोठ्याने, “बाबा, चालू करा. मी खांद्यावर काही ठेवत नाही.”

पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मामंजी टोला द्यायचे, ती मोठ्याने “माल” किंवा “फोड” म्हणायची, आणि तेही तिच्या ओठांवरून वाचून तेच म्हणायचे, त्यामुळे शेडमध्ये प्रत्येक शब्द दोनदा व्हायचा. हातोडी मध्ये एकदा त्यांच्या हातातून निसटली. थोरल्याने उचलून दिली. बद्द वाजली ती बाहेर नेऊन फोडली. चांगल्यांची संख्या साहेबाला हवी होती त्याहून बरीच कमी भरली.

“चांगली आहेत तेवढी नेतो,” साहेब म्हणाला. “बाकीचं वरिष्ठांशी बोलून कळवतो. हो म्हणतील असं काही सांगत नाही मी.” जाताना तो थोरल्या सुनेसमोर थांबला, बहुधा काहीतरी बरं बोलायचं होतं, पण सुचलं नाही. “चहात साखर नव्हती,” एवढं म्हणून गेला.

“आता काय करायचं, आत्या?” धाकट्याने विचारलं.

“मी आज काही बोलत नाही,” आत्याबाई म्हणाल्या. त्यांना ओळखणाऱ्यांच्या दृष्टीने हे फार मोठं बोलणं होतं. भट्टी राहणार की जाणार हे त्या दुपारी कोणालाच कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर कोणी विचारतही नव्हतं. सगळ्यांचे डोळे मामंजींवर होते. ते नळाखाली हात धूत होते. कोपरापर्यंत धुतले, पुसले, बाही खाली घेतली, आणि पायांत चपला घातल्या.

“बाबा, कुठे निघालात?” थोरला आडवा झाला.

मामंजींनी त्याच्या तोंडाकडे बघून प्रश्न समजून घेतला. “आधी प्लंबरकडे. त्याच्यावर मी आळ घातला. मग तिच्याकडे.”

“मी जातो. तुम्ही नका. लोक काय काय बोलतील.”

“बोलतीलच.”

“निदान मी बरोबर येतो.”

“तू नको.” त्यांनी त्याला हाताने बाजूला केलं. “तू मला बरं वाटेल ते सांगशील.” आणि गाड्यापाशी उभ्या असलेल्या सुनेकडे वळले. “चल.”

तिने फडकं खाली ठेवलं. हात अजून पांढऱ्या धुळीने भरलेले होते. “मामंजी, तिचा हात कायमचा गेलाय,” ती त्यांच्यासमोर येऊन म्हणाली. “ती आपल्याला दारात उभं करणार नाही. शिव्या देईल.”

“म्हणून तर तू हवीस. मला ऐकू येणार नाहीत त्या.” ते दाराकडे चालायला लागले आणि बोलता बोलता थांबून मागे वळले, तिचं तोंड दिसावं म्हणून. “माझ्याकडे बघून सांग. एकही गाळू नकोस.”